सुटलेला लॅपटॉप कुठे गेला?

‘रोजच्या कामाला आता लॅपटॉप लागत नाही, टॅबलेट पुरतो’ हे विधान गेली काही वर्षं इतक्या खात्रीनं केलं जातं की त्याला हरकत घेणारा माणूस जुन्या वळणाचा ठरतो. असं म्हणणाऱ्यांत डॉक्टर आहेत, प्राध्यापक आहेत, कंपन्यांतले वरिष्ठ अधिकारी आहेत, निवृत्तीनंतर लिहायला बसलेले लेखक आहेत. वर्षभरात लॅपटॉप उघडलाच नाही असं ते सांगतात तेव्हा तो खरोखरच उघडलेला नसतो. त्यांच्या अनुभवाबद्दल माझी तक्रार नाही. त्यावरून सगळ्या जगाला जो सल्ला दिला जातो तो मला चुकीचा वाटतो, आणि ज्यांच्या घरात एकच यंत्र येणार आहे त्यांच्यासाठी तर घातक वाटतो. या मंडळींच्या हातून लॅपटॉप गेला हे खरं, पण त्यांच्या कामातून तो गेलेला नाही. ते काम आता दुसऱ्या कुणाच्या तरी लॅपटॉपवर होतं, आणि हा दुसरा माणूस त्यांनी हिशोबात धरलेला नसतो.

मराठी नियतकालिकांचंच बघा. लेखक टॅबलेटवर लेख लिहितो. जीबोर्डवर बोलून मराठी टाइप करता येतं आणि ते आता चांगलं उमटतं, हे मान्यच करायला हवं. लेख व्हॉट्सअ‍ॅपवरून किंवा मेलनं संपादकाकडे जातो आणि लेखकाच्या लेखी काम संपतं. खरं काम तिथून सुरू होतं. अक्षरजुळणी करणाऱ्याच्या टेबलावर विंडोजचा संगणक असतो. त्यावर इनडिझाइन असतं. काही ठिकाणी अजून पेजमेकरही आहे. त्याची शेवटची मोठी आवृत्ती २००१ सालची, आणि त्याला युनिकोड कळत नाही. मग आलेला युनिकोड मजकूर श्रीलिपीच्या किंवा आयएसएमच्या फाँटात बदलायचा, त्या बदलात विस्कटलेले रफार आणि जोडाक्षरं एकेक करून हुडकायची, तळटीपा पुन्हा त्यांच्या जागी बसवायच्या, फोनवर काढलेले फोटो छपाईच्या रंगांत आणायचे. हे सगळं दिवाळीच्या तोंडावर, रात्री जागून. इनडिझाइन टॅबलेटवर मिळतच नाही, त्यामुळे या माणसाला टॅबलेट घेण्याचा सल्ला कुणी देत नाही. लेखकाचा टॅबलेट चालतो तो या टेबलाच्या जिवावर, आणि लेखक मात्र ‘माझं सगळं टॅबवर होतं’ असं मुलाखतीत सांगतो.

दुसरं उदाहरण छोट्या व्यावसायिकाचं. दुकानदार टॅबलेटवर बिलं बघतो, बँकेचे व्यवहार करतो, जीएसटी भरल्याची पावती उघडतो. त्याचा हिशोब टॅलीत असतो आणि टॅली विंडोजवर चालते. टॅबलेटवर त्याला अहवाल पाहता येतात, पण नोंदी करणारा मुलगा दुकानाच्या पोटमाळ्यावर संगणकापुढे बसलेला असतो. पगारातून किंवा भाड्यातून टीडीएस कापला असेल तर त्याचं तिमाही विवरण तयार करायचं सरकारी साधन जावावर चालणारं, म्हणजे संगणकावरच बसणारं. खाजगी मर्यादित कंपनी असेल तर विवरणांवर डिजिटल सही लागते, आणि ती सही ज्या यूएसबी डोंगलमध्ये असते त्याचा ड्रायव्हर आणि सही उमटवणारा प्रोग्रॅम दोन्ही संगणकासाठी लिहिलेले आहेत. ग्रामपंचायतीच्या रस्त्याचं काम घेणाऱ्या ठेकेदाराला ई-निविदा भरताना तेच डोंगल लागतं. एकट्या मालकीच्या दुकानाला जीएसटीसाठी ओटीपीवर भागवता येतं, साधं आयकर विवरणही टॅबलेटच्या ब्राउझरमधून भरता येतं, हे मी नाकारत नाही. पण धंदा जरा वाढला की सीएच्या कचेरीत खेटे सुरू होतात, आणि तिथे ओळीनं संगणक मांडलेले दिसतात.

गृहनिर्माण संस्थेच्या खजिनदारालाही हेच लागू होतं. आधीच्या खजिनदारानं देखभाल शुल्काची एक्सेलची फाइल करून ठेवलेली असते, आणि बटण दाबलं की सगळ्या सभासदांची बिलं तयार व्हावीत म्हणून तिच्यात मॅक्रो घातलेले असतात. ती फाइल टॅबलेटवर उघडते, आकडे दिसतात, पण बटण दाबून काही होत नाही, कारण टॅबलेटवरचं एक्सेल मॅक्रो चालवत नाही. वर्डच्या टॅबलेट आवृत्तीत मेल मर्जही नाही, म्हणजे थकबाकीदारांना प्रत्येकाच्या नावाची आणि रकमेची पत्रं काढायची तर ती एकेक करून लिहायची. असा खजिनदार शेवटी कुणाकडे जातो? इमारतीतल्या एखाद्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाकडे, ज्याच्याकडे लॅपटॉप आहे.

ही उदाहरणं विस्तारानं सांगितली, कारण टॅबलेटच्या बाजूचा सगळा युक्तिवाद यंत्राकडे बघतो आणि कामाच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्याकडे बघत नाही. पडदा किती सुंदर, चिप किती वेगवान, बॅटरी किती तास, हे प्रश्न यंत्राचे. काम कुठल्या यंत्रावर होऊ शकेल हे मात्र ते काम ज्याला द्यायचं आहे तो ठरवतो: छापखाना, बँक, सीए, विद्यापीठ, सरकारी संकेतस्थळ, परदेशातला ग्राहक. त्यांना अमुक प्रकारची फाइल अमुक पद्धतीनं हवी असते. त्यांच्याशी ‘हे माझ्या टॅबवर होत नाही, तुम्ही बघा’ असं बोलण्याची ज्याची पत आहे त्याला टॅबलेट पुरतो. ज्याला हे वाक्य ऐकून काम करून द्यावं लागतं त्याला लॅपटॉप लागतो. म्हणून टॅबलेटवर भागतं असं सांगणाऱ्यांत वरिष्ठ अधिकारी जास्त आणि त्यांचे सहायक कमी.

यावर पहिलं उत्तर असं येतं की हा अडथळा तात्पुरता आहे, टॅबलेट सुधारत चालले आहेत. जरूर सुधारत आहेत, पण कोणत्या दिशेनं ते बघा. २०१० साली स्टीव्ह जॉब्सनं आयपॅड लोकांपुढे ठेवला तेव्हा फोन आणि लॅपटॉप यांच्या मधली तिसरी वस्तू म्हणूनच ठेवला होता. सोफ्यावर बसून वाचायचं, बघायचं, मेल चाळायचे. लॅपटॉप टाकून द्या ही भाषा नंतरची, २०१५ मध्ये आयपॅड प्रो आला तेव्हाची. दोन वर्षांनी आलेल्या अ‍ॅपलच्या जाहिरातीत तर आयपॅड घेऊन फिरणारी मुलगी ‘कॉम्प्युटर म्हणजे काय?’ असंच विचारते. पण त्याच काळात त्या आयपॅडमध्ये काय काय घालावं लागलं? २०१७ मध्ये फाइली ठेवायची जागा. २०१९ मध्ये पेन ड्राइव्ह वाचायची सोय. २०२० मध्ये माउस आणि ट्रॅकपॅड. २०२२ मध्ये एकावर एक खिडक्या. २०२५ मध्ये मनासारख्या लहानमोठ्या करता येणाऱ्या खिडक्या आणि वर मेनूची पट्टी. पंधरा वर्षं टॅबलेट एकेका पावलानं लॅपटॉपकडे चालत आला आहे. माउस, फाइली आणि खिडक्या या जुनाट गोष्टी असत्या तर त्या परत आणाव्या लागल्या नसत्या. लोक त्या मागत राहिले, कारण काम त्या मागत होतं.

मायक्रोसॉफ्टनं हा धडा फार महाग घेतला. २०१२ मध्ये त्यांनी सरफेस आरटी हा टॅबलेट काढला. दिसायला विंडोज, पण विंडोजवरचे जुने प्रोग्रॅम त्यावर चालत नव्हते. पुढच्याच वर्षी न खपलेल्या मालापोटी ९० कोटी डॉलरचा तोटा ताळेबंदात दाखवावा लागला. पुढे सरफेस प्रो टिकला तो संपूर्ण विंडोज चालवतो म्हणून, म्हणजे की-बोर्ड सुटा करता येणारा लॅपटॉप आहे म्हणून. तो पर्याय ज्याला परवडतो त्यानं जरूर घ्यावा. माझा वाद त्याच्याशी नाही.

ताकदीचा मुद्दा तर आता कुणी काढूच नये. २०२१ मध्ये आयपॅड प्रोत मॅकबुकमधलीच एम१ चिप आली, पुढे तिच्या नव्या आवृत्त्या आल्या. हिशोब करायला, चित्रफीत कापायला, हजार पानांची फाइल उघडायला ती पुरून उरते. मग त्याच चिपवर मॅकचे प्रोग्रॅम का चालत नाहीत? अ‍ॅपलनं ते चालू द्यायचे नाहीत असं ठरवलं आहे म्हणून. आपल्याकडे आयपॅडवर प्रोग्रॅम येतो तो अ‍ॅपलच्या दुकानातूनच. युरोपीय संघात कायद्यानं हे दार थोडं उघडायला लावलं, इथे ते बंदच आहे. लॅपटॉपवर मी कुठलाही प्रोग्रॅम आणून बसवू शकतो, एखाद्या विद्यार्थ्यानं लिहिलेलाही. यंत्राची संपूर्ण कार्यप्रणाली पुसून दुसरी टाकू शकतो. इतकी किंमत मोजून घेतलेल्या यंत्रावर काय चालवायचं हे मालकानं न ठरवता विकणाऱ्यानं ठरवावं, हे मला मुळातच पटत नाही.

दुसरा युक्तिवाद टक्क्यांचा. ‘नव्वद टक्के लोकांचं नव्वद टक्के काम टॅबलेटवर होतं.’ हा आकडा कुणी मोजलेला नाही, पण वादापुरता खरा धरू. माणसाचं पोट आणि प्रतिष्ठा बहुतेक वेळा उरलेल्या दहा टक्क्यांवर अवलंबून असतात. नोकरीचा अर्ज मुदतीच्या शेवटच्या रात्री भरायचा असतो, सहीचा फोटो ठरावीक आकारात आणि ठरावीक केबीत बसवायचा असतो. संशोधकाला प्रबंधाचं प्रकरण विद्यापीठाच्या साच्यात द्यायचं असतं. अनुवादकाला ग्राहकानं पाठवलेल्या खास प्रोग्रॅममधलीच फाइल परत द्यायची असते. यूट्यूब बघणं, मेल वाचणं, पैसे पाठवणं ही कामं फोनवरही होतात. मोठ्या पडद्यावर ती अधिक सुखाची होतात, बस. त्यांच्या बळावर ‘लॅपटॉपला पर्याय’ हा किताब द्यायचा तर तो आधी फोनला द्यावा लागेल.

किमतीचं आणि वजनाचं लवकर आटपतो. ११ इंची आयपॅड प्रो २०२४ मध्ये आपल्याकडे आला तो ९९,९०० रुपयांपासून पुढे. त्याचा मॅजिक की-बोर्ड वेगळा, २९,९०० रुपयांचा. पुढच्या वर्षी आलेला मॅकबुक एअर ९९,९०० रुपयांचा, की-बोर्डासकट. १३ इंची आयपॅड प्रोला की-बोर्ड लावला की वजन सव्वा किलोच्या आसपास जातं, म्हणजे एअरइतकंच. साधा आयपॅड घेतला तर २०२५ मध्ये ३४,९०० अधिक की-बोर्डचे २४,९००. त्यावर दहा इंचांहून मोठ्या पडद्याच्या टॅबलेटवर वर्ड-एक्सेलमध्ये दुरुस्त्या करायच्या तर मायक्रोसॉफ्टची वर्गणी. स्वस्त आणि हलका हे दोन्ही गुण टॅबलेट एकटा असतो तोवरचे. त्याच्याकडून लॅपटॉपचं काम करून घ्यायला निघालं की दोन्ही संपतात.

आणखी एक उत्तर हल्ली ऐकू येतं: संगणक क्लाउडवर घ्या. महिन्याला पैसे भरले की कुठल्या तरी दूरच्या यंत्रावर तुमचं विंडोज चालतं आणि टॅबलेटवर त्याचा पडदा दिसतो. यानं माझाच मुद्दा सिद्ध होतो. लॅपटॉप गेला नाही, भाड्यानं घेतला. शिवाय तो इंटरनेटच्या दोरीला बांधलेला. पावसाळ्यात दिवसचे दिवस नेट जाणाऱ्या कोकणातल्या गावात बसून त्यावर रोजचं काम करून दाखवावं आणि मग सल्ला द्यावा.

टॅबलेटची खरी जागा कुठे आहे हे सांगायला मला काही अडचण वाटत नाही. हातात पेन्सिल धरून चित्र काढणाऱ्यासाठी त्याच्यासारखं साधन नाही. मैफलीत तानपुरा आणि रियाझाला ठेका देणारी अ‍ॅपं गायकांच्या उपयोगी पडली आहेत. जुन्या ग्रंथांच्या पीडीएफ वाचायच्या, विद्यार्थ्यांचे निबंध तपासायचे, थरथरत्या हातांच्या आजोबांना नातवाशी बोलायचं असेल, तर लॅपटॉप तिथे अवजड आणि अडाणी वाटतो. ज्याचं काम हेच आहे त्यानं टॅबलेट घ्यावा आणि सुखानं वापरावा. ज्याच्या घरी लॅपटॉप आहेच त्यानं दुसरं यंत्र म्हणून घ्यावा. माझं भांडण ‘एकच यंत्र’ घेणाऱ्याला दिल्या जाणाऱ्या सल्ल्याशी आहे, आणि या सल्ल्याचा सगळ्यात वाईट परिणाम विद्यार्थ्यांवर होतो.

आपल्याकडे विद्यार्थ्याला संगणक द्यायचा म्हटलं की सरकारांना टॅबलेट सुचतो, आणि ही सवय जुनी आहे. ५ ऑक्टोबर २०११ रोजी दिल्लीत तेव्हाचे केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्री कपिल सिब्बल यांच्या हस्ते ‘आकाश’ टॅबलेट आला. सात इंची पडदा, २५६ एमबी मेमरी, सरकारला पडणारी किंमत सव्वादोन हजारांच्या आसपास. पुढे त्याची धुरा आयआयटी मुंबईकडे आली, नवी आवृत्ती निघाली, आणि योजना विरून गेली. स्वस्तात केलं म्हणून फसलं, असं तेव्हा म्हटलं गेलं. यंत्र कमकुवत होतंच, पण योजनेमागची कल्पना त्याहून कमकुवत होती: शिकणं म्हणजे कुणीतरी तयार केलेलं पाहणं. ही कल्पना अजून जिवंत आहे. २०२२ मध्ये हरियाणानं दहावी ते बारावीच्या मुलांना लाखोंनी टॅबलेट वाटले. महाराष्ट्रात नागपूरची महाज्योती ही संस्था इतर मागास आणि भटक्या-विमुक्त समाजांतल्या मुलांना जेईई, नीट, सीईटीच्या तयारीसाठी टॅबलेट आणि इंटरनेट डेटा देते. व्याख्यानं ऐकायला, सराव प्रश्न सोडवायला तो उपयोगी आहे आणि ज्या मुलांना कोटा-लातूरच्या शिकवण्या परवडत नाहीत त्यांना ही मदत मोलाची आहे. पण पुढचं बघा. जेईई मेन आणि राज्याची सीईटी या परीक्षा संगणकापुढे बसून, माउस हातात धरून द्यायच्या असतात. शहरातल्या मुलाचा हात माउसवर लहानपणापासून बसलेला असतो. वर्षभर पडद्यावर बोट फिरवून तयारी केलेली गावातली मुलगी परीक्षेच्या दिवशी तो पहिल्यांदा धरते, आणि घड्याळ तिच्यासाठी थांबत नाही.

परीक्षा पास होऊन ती अभियांत्रिकीला गेली की पहिल्या वर्षी सी किंवा पायथन, नंतर ऑटोकॅड, मॅटलॅब. टॅबलेटवर यांच्या पातळ आवृत्त्या मिळतात, प्रयोगशाळेत मागतात त्या मिळत नाहीत. अभियांत्रिकीला न जाता सरकारी लिपिकाची नोकरी हवी असली तरी तेच. राज्य परीक्षा परिषदेची संगणक टंकलेखन परीक्षा मिनिटाला ३० किंवा ४० शब्दांची, खऱ्या की-बोर्डवरची. एमएस-सीआयटीचं प्रमाणपत्र संगणकावरचं. तलाठ्यांची २०२३ ची भरती परीक्षा संगणकावर झाली. ज्या शासनाला उमेदवाराकडून संगणक यायची अपेक्षा आहे तेच शासन विद्यार्थ्याला टॅबलेट देऊन थांबतं, हे मला पटणं शक्य नाही.

यात एक वाटणीही दडलेली आहे. ई-पीक पाहणीचं अ‍ॅप २०२१ मध्ये राज्यभर आलं तेव्हापासून शेतकरी आपल्या पिकाची नोंद आणि फोटो फोनवरून भरतो. चांगली सोय आहे. पण त्या नोंदी गावनिहाय एकत्र होतात, तपासल्या जातात, सातबाऱ्यावर चढतात त्या महसूल खात्याच्या संगणकांवर. जवळजवळ प्रत्येक नव्या व्यवस्थेत हेच घडलं आहे: माहिती भरणाऱ्याच्या हाती काच, आणि त्या माहितीची जुळवाजुळव करून निर्णय घेणाऱ्यापुढे की-बोर्ड. मुलांच्या हाती आपण कोणतं यंत्र देतो यावरून त्यांना या दोनपैकी कोणत्या बाजूला बसवायचा आपला इरादा आहे ते कळतं.

ज्याला स्वतःपुरता निर्णय घ्यायचा आहे त्यानं वेगाच्या तुलना वाचण्यात वेळ घालवू नये. गेल्या वर्षभरात आपण दुसऱ्यांना सांगितलेली छोटी कामं आठवावीत. ‘ह्या दोन पीडीएफ जोडून दे’, ‘एवढं पान त्यांच्या फॉर्मॅटमध्ये करून पाठव’, ‘ऑफिसातून प्रिंट काढून आण’, ‘सायबरमध्ये जाऊन फॉर्म भरून ये’. ती यादी रिकामी असेल तर खुशाल टॅबलेट घ्यावा. ती भरत गेली तर आपला लॅपटॉप आजही कुणाच्या टेबलावर चालतो आहे ते समजेल, आणि तो माणूस नसेल त्या दिवशी काय करणार याचाही विचार करावा लागेल. ज्या घरात असं सांगायला कुणी नाही त्या घरातून महा ई-सेवा केंद्राच्या किंवा झेरॉक्सच्या दुकानाच्या रांगेत उभं राहावं लागतं, आणि आधार, बँकेचा तपशील, पासवर्ड सगळं अनोळखी माणसाच्या संगणकावर उघडावं लागतं.

‘पण लॅपटॉप परवडत नाही’ हा आक्षेप मी सगळ्यात गंभीरपणे घेतो. त्याचं उत्तर मुंबईत लॅमिंग्टन रोडवर आणि जवळपास प्रत्येक मोठ्या शहरात मिळतं. कंपन्यांनी काही वर्षं वापरून काढून टाकलेले लॅपटॉप दुरुस्त करून पंधरा-वीस हजारांत विकले जातात. यातल्या अनेकांची मेमरी आणि डिस्क बदलता येते. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा दुरुस्ती थांबली, त्यामुळे अधिकृतपणे विंडोज ११ न चालणारी कितीतरी चांगली यंत्रं बाजारात स्वस्तात येत आहेत. त्यांवर लिनक्स आणि लिबरऑफिस फुकट चालतं, मराठीचा इनस्क्रिप्ट की-बोर्ड त्यात आधीपासून असतो आणि पायथन शिकायला वेगळं काही घ्यावं लागत नाही. शासनाला हजारोंच्या संख्येनं अशी यंत्रं तपासून, वर्षभराच्या हमीसह घेणं अशक्य नाही. तमिळनाडूनं २०११ पासून शाळा-कॉलेजांतल्या मुलांना लॅपटॉप दिले, आणि २०२५ च्या अर्थसंकल्पात तिथे कॉलेजातल्या वीस लाख मुलांना टॅबलेट किंवा लॅपटॉप, ज्याला जे हवं ते, देण्याची घोषणा झाली. महाज्योतीच्या अर्जातही ‘टॅबलेट की लॅपटॉप’ असा एक रकाना पुढच्या वर्षी असायला हवा.